करीचा दिवस कोनाचा

मागच्या पौषात माझ्या आंगनात दोन गावचे लोक एकाच टायमाले येऊन बसले. एका बाजूनं माझ्या सासरच्या गावचे, म्हनजे याच गावचे, आन दुसऱ्या बाजूनं माझ्या माहेरचे, नदीपल्याडचे. दोघायचंबी काम एकच होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीले, पट कोनाचा, हे मी सांगावं.

पट म्हनजे बैलायचा पट, शंकरपट. दोन जोड्या बाजू-बाजूच्या दानीवर सोडतेत. दान म्हनजे धावाची सरळ पट्टी, नांगरून, दगड येचून केलेली. जे जोडी पयले पोचन, ते जितली. आमच्याकडं धान चुरून झालं, तनीस, म्हनजे धानाचा पेंढा, घरी आली, की मानूस बी रिकामा आन बैल बी रिकामा. मंग गावोगाव पट भरे. मधी कितीक वर्षं कोर्टानं बंद केला होता, मंग कोर्टानंच चालू केला. बंद होता तवा लोक म्हनत, चालू होऊ द्या, पाहा कसा भरवतो. चालू झाला आन भांडन झालं. दोन्ही गावायनं कागद छापून आनले, दोन्ही कागदावर तारीख एकच.

माझा लेक वरठीले कंपनीत जाते. त्यानं दोन्ही कागद मोबाईलवर दाखवले. म्हने, "माय, पाहा, दोघायनं करच धरली."

मी दुसरीपर्यंत शिकली, पन बैलाचं चित्र ओळखू येते. दोन्हीवर बैल सारखेच होते.

माझ्याजवळच काहून आले, तर पुराने मानसं दोन्हीकडचे सरले. पटाचे पंच, धुरकरी, म्हनजे जोडी हाकनारे, सगळे गेले. मी पोट्टी होती तवा तिकडचा पट पायला, लगन झाल्यावर इकडचा. दोन्ही गावात खाल्लेली मानूस म्हनजे मी एकटीच, आन तिकडं माझा मोठा भाऊ. पन भाऊ दोन सालापासून खाटेवर. त्यानं भाच्याजवळ सांगून पाठवलं होतं, बाय, औंदा पट होते, तू येजो.

आता मानूस म्हनन, भावाले भेटाले पट कायले पायजे. मोटारसायकलवर बसलं, पूल पार केला, अर्ध्या तासाचं काम. पन माय-बाप गेल्यावर माहेरी असंच जाता येत नाई. घर भाचसुनेचं झालं. तिचं काही वाकडं नाई, चहा देते, बसा म्हनते. पन काहून आली हे तिले सांगा लागते. पटाले लेकीले बोलावाची रीत आहे, मंग कोनी विचारत नाई. पट बंद झाला तसं माझं जानंबी बंद झालं. आन आता चालू झाला, तर दोन्हीकडं एकाच दिवशी. इथं माझा नातू गावगटात, म्हनजे घरच्या बैलायच्या पटात, जोडी काढनार, घरी पाहुने येनार, त्यायचे वडे मी नाई तं कोन काढन? म्हनून मलेबी वाटे, एका गावानं सरकावं. कोन्याबी गावानं.

आमच्या गावचा अध्यक्ष मले काकी म्हनते. त्यानं सुरुवात केली, "काकी, तुमी या गावात आल्या तवापासून पट कधी असे?"

"करीले," मी म्हनली.

तो माहेरच्या अध्यक्षाकडं पाहून हासला. माहेरचा अध्यक्ष पोरगाच आहे, जवाहरनगरले फॅक्टरीत नोकरीवर. तो मले आत्या म्हनते. त्यानं विचारलं, "आत्या, तुमी लहान होत्या तवा आपला पट कधी असे?"

"करीले," मी म्हनली.

"असं कसं?" आमचा अध्यक्ष म्हने. "बैल का इकडून धावून तिकडं जात होते?"

"पोहत जात असन," तिकडचा म्हने. "वैनगंगेतून."

सगळे हासले. मी नाई हासली. मले खरंच समजून नाई रायलं. दोन्ही आठवनी खऱ्या होत्या. माहेरची म्हनान, तर ओटीत संक्रांतीचे उरलेले तीळाचे लाडू, ते खात आमी पोट्ट्या पाळीवर, म्हनजे बांधावर, बसू. सासरची म्हनान, तर नवी नवरी होती, पाहुन्यायले वडे वाढून झाले आन सासूनं उरलेले तीळाचे लाडू पोट्ट्यायले वाटाले देल्ले. लाडू दोन्हीकडं. कर दोन्हीकडं.

"नीट आठवा," दोघंबी म्हने.

मी आठवत बसली.

पहिले पटायची रांग होती. कोनी लिहून ठेवली नोती, पन सगळ्यायले ठाऊक. एक गाव झालं की दोन दिवसानं दुसरं, बैल पायी पायी जात, रस्त्यात एक मुक्काम. कोनी कोनाच्या दिवसात घुसत नसे. आता बैल गाडीत बसून येते, दूरदूरचे, आन दिवस पायते तो रविवार नाई तं सव्वीस जानेवारी, कंपनीवाल्यायले सुट्टी असते म्हनून. कर मातर सगळ्यायले पायजे. करीले कोनी शेतात जात नाई, कोनी सोयरीक जोडत नाई, चांगलं काम कोनतंच करत नाई. मंग मानसं करतेत काय? पट पायतेत. करीचा पट म्हनजे सगळ्यात मोठी गर्दी.

अन् हरेक पटाची मजा वेगळी. तळ्याच्या काठचा एक पट होता, तिथली दान मऊ, बैल वाऱ्यासारखा जाय पन शेवटी थांबत नसे, सरळ पान्यात. टेकडीकडच्या पटात चढ होता, तिथं मोठे नावाचे बैल हरत आन नांगराचे बैल जितत. मानसायले मोठ्या गटाची हौस, कोनाची जोडी किती सेकंदात. मले कधी ते समजलं नाई. एवढं जोरात जाते की पाहाले सुरुवात करा तवर सरते. मले सकाळचा गावगट आवडे. घरचेच बैल, चिखलात राबलेले, त्यायले धावनं म्हनजे काय ठाऊक नाई. एक इकडं ओढे, एक तिकडं, दान सोडून लाखोरीच्या बांधीत, म्हनजे डाळीच्या वावरात, घुसत आन चराले लागत. धुरकरी खाली उतरून बैलायच्या पाया पडे.

माहेरच्या पटात आखरी टट्टूची दौड असे. बाजारवाले टट्टूवर माल घेऊन गावोगाव फिरत, तेच चार-पाच टट्टू पळवत. त्यात एक बांगड्यावाल्याचा टट्टू होता. निघे सगळ्याच्या पुढं. पन बाया उभ्या दिसल्या की थांबून जाय, सवयच तशी, जसं काही आता दुकान मांडाचं आहे. मालक शिव्या दे, मारे, तो काही हाले नाई. मंग आमाले तिथून हाकलत, "बायाहो, मांगं सरका, घोडा हरून रायला!" दर साली तो बायाजवळ थांबे आन दर साली हरे.

मी हे सांगतलं तं माहेरचा पोरगा म्हने, "बस्स! टट्टूचा पट करीले होता ना?"

"होता."

"मंग झालं."

"काय झालं?" आमचा अध्यक्ष म्हने. "ते लगनाच्या पयलेचं. काकी, लगन झाल्यावर तिकडचा पट कधी पायला?"

तेबी पायला होता. सासू करीले सोडत नसे, घरी पाहुने. करीच्या राती भांडे घासून झाले की म्हने, उद्या जा, सांजेले वापस ये. मी पहाटे निघे, डोंग्यानं नदी उतरे, कडेवर लेकरू, डोक्यावर सूप. सुपात बिड्यायचे पानं. बिड्या वळल्या नाई तं त्या दिवसाचं काम बुडे, म्हनून पट पायतानी बी मांडीवर सूप राहे. पाळीवर बसली तरी डोळे सुपात. गलका झाला की मान वर, तवर बैल गेलेले. असेच मी कितीक पट पायले. माझा मालक, म्हनजे नवरा, कावीळ होऊन गेला, लेकरं लहान होते, तवाबी सूप सुटलं नाई. मंग पटाचं काय ध्यानात राहीन? मले एवढंच वाटे, तिकडचा पट करीले सुरू होते, दोन दिवस चालते, आन मी जाते तो आखरी दिवस. उरलेला.

एकदा भावाले म्हनलीबी होती, "माझ्या नशिबी सरता पट." भाऊ उठून बैलाजवळ निघून गेला. मले वाटलं, माझ्या मालकाशी त्याचं जमत नाई, म्हनून. आमच्या गावच्या पटात तो एकदाबी आला नाई. चांगला धुरकरी होता, बाकी सगळ्या पटात जाय, इथं नाई.

आंगनात मले काही ठरवता येईना. चहा दोनदा झाला. आखरी मी म्हनली, "भावाले विचारा. तो म्हनन ते खरं."

दोन्ही अध्यक्ष एकाच गाडीत बसले, मले मधात बसवलं. पुलावरून जातानी एक इकडच्या काचातून नदी पाहे, एक तिकडच्या. इकडचा म्हने, "काकी, थंडी तं नाई लागत?" लगेच तिकडचा म्हने, "आत्या, काच लावू का?" मले दोन्हीकडून एवढा मान आधी कधी भेटला नोता.

भाऊ ओसरीत खाटेवर होता. डोळ्यात मोतीबिंदू, मले आवाजावरून ओळखलं. माहेरच्या अध्यक्षानं इचारलं, "बाबाजी, करीचा पट आपलाच होता ना?"

भाऊ म्हने, "होता."

"पाहा!"

"मंग देऊन टाकला."

"कोनाले?"

भावानं हात उचलून माझ्याकडं केला. "हिच्या आंदनात."

मले वाटलं, त्याले भरमलं. आंदनात मानूस गाय देते, भांडे देते. माझ्या आंदनात काहीच नोतं. सासू जलमभर तेच बोलली. मी पान्याले गेली तरी, "बापानं पान्याचा गुंड बी नाई देल्ला, आमच्याच गुंडानं पानी भरते." मी कधी उलटून बोलली नाई, कारन खोटं नोतं.

भाऊ हळूहळू बोलला. त्याले दम लागे. म्हने, सोयरीक पक्की कराले तुझा सासरा आला. मले काही नोको म्हने, पन लोक विचारतीन, काहीतरी नावाले द्या. त्या साली धान पोचट गेलं होतं, घरात काही नोतं. बा पटाचा मुख्य पंच होता. बसल्या बसल्या म्हने, माझ्या हातात एकच चीज आहे. औंदापासून करीचा दिवस तुमच्या गावाचा. आमचा पट आमी करीच्या दुसऱ्या दिवशी सुरू करू. तुझा सासरा हासला, मंग उठून बाच्या गळ्यात पडला.

"आन गावानं ऐकलं?" पोरगा म्हने.

"बाचं वजन होतं. पन दोन साल गावातलं कोनी आमच्या घरी पान खायाले आलं नाई."

मी इचारलं, "मले काहून नाई सांगतलं?"

"बा म्हने, लेकीले काय सांगाचं, तुले दिवस देल्ला म्हनून? हासन ते."

सासऱ्यानंबी घरी सांगतलं नसन. बायकोले कसं सांगन, सुनेसंग दिवस आनला म्हनून? सासू मरेपर्यंत बोलली, आन त्या मानसाले ठाऊक होतं. तो ऐके आन पान खात राहे. मी त्याच्यावर राग करू का नोको, तेबी मले समजलं नाई. चांगला मानूस होता. लेकरायले खांद्यावर घेऊन फिरवे.

आन मी जो सरता पट समजत होती, तो पयला दिवस होता. माझ्यासाठी सरकवलेला. मी सांजेले वापस येऊन जाय, म्हनून पुढचा दिवस कधी पायलाच नाई. जे टट्टूची दौड आखरीले होय, ते लगनानंतर कधी दिसली नाई, त्याचंबी कारन हेच. मले वाटे, बांगड्यावाला मेला असन.

"मंग तर दिवस आमचाच," आमचा अध्यक्ष म्हने आन उठाले लागला.

"बसा हो!" पोरगा म्हने. "गावाचा दिवस एका मानसानं कसा देल्ला? आन देल्ला तं कोनाले देल्ला? तुमच्या गावाले नाई, आत्याले देल्ला. आंदन बाईचं असते. आत्या म्हनन तं वापस येईन."

"हे कोन्या कायद्यात आहे?"

"आंदन गावाच्या नावानं असते, हे कोन्या कायद्यात आहे?"

दोघंबी भावाकडं पायले. भाऊ म्हने, "तिले इचारा. तिचं आहे."

मंग सगळे माझ्याकडं पायले. भाचसून दारात पदर धरून उभी, तेबी पाहाले लागली. मले वाटलं, असं कोनी कधी मले इचारलंच नाई. धान कधी विकाचं, लेकीले कुठं द्याचं, मालकाले दवाखान्यात न्याचं का घरीच ठेवाचं, सगळं दुसऱ्यानं ठरवलं, मी केलं. आन आता इचारतेत तं काय, दिवस. तो कुठं ठेवलेला नाई, त्याले हात लावता येत नाई. सत्तरीपार झाली मी, एवढे साल मले ठाऊक नाई आन तो माझा.

पोरगा खाली वाकला. "आत्या, माहेराले वापस द्या. तुमच्या बाचंच गाव आहे. बाबाजीच्या डोळ्यासमोर एकदा करीचा पट होऊ द्या."

भावाचा हात खाटेच्या दोरीवर थांबला. मले तवा समजलं, तो आमच्या पटात काहून आला नाई. त्या साली तो जवान होता, जोडी तयार होती, आन करीची गर्दी माझ्यासंग निघून गेली. द्यावं, असं वाटलं. मले काय करा लागते दिवसाचं? दोन्हीकडून माझं भावाकडं येनं होतच होतं, करीले येईन नाई तं दुसऱ्या दिवशी येईन. कोन्याबी गावानं सरकावं, एवढंच मले पायजे होतं.

"नाई देत," मी म्हनली.

माझ्याच तोंडातून निंघालं. मीच चमकली.

"आत्या, माहेराले नाई म्हनता?"

"म्हनते."

"पन काहून?"

"काहून ते मले नाई सांगता येत. नाई देत, बस्स."

आमचा अध्यक्ष हासाले लागला, तं मी त्यालेबी म्हनली, "तू कायले हासते? तुमच्या गावालेबी नाई देल्ला. पट भरवा करीले, पन माझा आहे."

तो म्हने, "हो काकी, तुमचाच." मले काही समजलं नाई तो खरं बोलला का माझी मजा घेतली. वापस येतानी गाडीत पोरगा नोता. रस्ताभर मी इचार केला, मी हे काय केलं. बाचा शब्द राखला का भावाचं मन तोडलं, का दोन्ही.

करीले इकडचा पट झाला, माहेरवाल्यायनं आपला दुसऱ्या दिवसावर नेला. गर्दी एवढी, की दान दिसेना. मी वडे काढले आन दुपारी जाऊन उभी रायली. सगळ्यायले पाहून वाटे, हे माझ्या दिवसात आले. मंग वाटे, बुढी पागल झाली. नातवाची जोडी दान सोडून लाखोरीत गेली.

करीच्या दुसऱ्या दिवशी लेकानं मले माहेरी नेलं. गर्दी कमी होती. भाचसुनेनं चहा देल्ला, बसा म्हनली नाई. भाऊ खाटेवरून म्हने, "आली का, दिवसवाली?"

"आली."

तो भिंतीकडं तोंड करून पडला. मी बाजूले बसून रायली. थोड्या वेळानं भाच्यानं चार मानसं आनले आन खाट उचलून दानीच्या काठाले नेऊन ठेवली. मीबी मांगं मांगं गेली. औंदा मांडीवर काही नोतं, हात कुठं ठेवाचे तेबी समजेना.

पयली जोडी सुटली. भावाले दिसत नोतं, त्यानं मान वर केली. "कोन पुढं?"

"तांबडा," मी म्हनली.

"तांबडा कोनाचा?"

"मले काय माहीत."

"इकडच्या दानीवर का तिकडच्या?"

"इकडच्या. नाई, थांब. तिकडच्या."

"एवढ्या सालात बैल पाहाले शिकली नाई का तू?"

"कोनं शिकवलं?"

तो खोकला, का हासला, मले नीट समजलं नाई. म्हने, "बैलाकडं पाहू नोको, धुरकऱ्याकडं पाय. तो मांगं पाहाले लागला म्हनजे हरला."

मंग मी धुरकऱ्याकडं पाहाले लागली. सांजेपर्यंत तो इचारे आन मी सांगो. कधी बरोबर सांगतलं, कधी चूक. चूक सांगतलं की लाऊडस्पीकरवर निकाल येई आन तो म्हने, "पाय, मी म्हनत नोतो?" बैल बांधले, मानसं घराकडं निंघाले, भाचा खाट उचलाले आला, तं भाऊ त्याले म्हने, "उद्या अजून आहे पट. ही आज इथंच राहीन."

मी लेकाकडं पायलं. लेक म्हने, "रायना माय, कोन नाई म्हनते?"

कोनीच नाई म्हनत नोतं. तरीबी मी किती वेळ उभीच होती.